निवृत्तीचं वय ५८ वरून ६०: करारात काय लिहून घ्यावं, पैशांचं काय होतं, अंगाला काय झेपतं

खाजनकाठ
गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याच्या मागणीपत्राचा मसुदा चालू आहे. कायम कामगार दोनशेच्या आसपास. नेमणूकपत्रात निवृत्ती ५८ ला आहे, ती ६० करायची मागणी घालायची का, यावर संघटनेत दोन तट पडलेत. ऑफिस आणि लॅबवाल्यांना हवी आहे. पॅकिंग, बॉयलर आणि गोदामातले म्हणतात, "५८ लाच कंबर गेली, आता आणखी दोन वर्षं कशाला?" भावनेपेक्षा हिशेब हवा. पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी, इएसआय (कामगार राज्य विमा) यांत नेमका काय फरक पडतो आणि मसुद्यात कोणती वाक्यं हवीत? जाणकारांनी लिहावं.

रुमड
आधी मसुद्याचं बघू, कारण घोळ तिथेच होतो.

व्यवस्थापन बहुतेक वेळा "नाही" म्हणत नाही. ते म्हणतं, "५८ नंतर वैद्यकीय तपासणीत पात्र ठरल्यास एकेक वर्षाची मुदतवाढ." ही वयवाढ नव्हे. निवृत्तीचं वय ५८ च राहतं आणि पुढची दोन वर्षं मालकाच्या मर्जीवर जातात. मुदतवाढ नाकारली तर ती नोकरीवरून काढणं ठरत नाही, निवृत्तीच ठरते, मग दाद कशाची मागणार? म्हणून वाक्य सरळ हवं: "निवृत्तीचे वय ६० वर्षे पूर्ण. ज्या महिन्यात ६० पूर्ण होतील त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी कामगार निवृत्त होईल." महिनाअखेर लिहिली नाही तर वाढदिवसाला बाहेर काढतात आणि त्या महिन्याचा हजेरी बोनसही जातो.

दुसरं, लागू होण्याची तारीख. वाटाघाटी आठ-दहा महिने सहज चालतात. तेवढ्यात ज्यांची ५८ भरतात ते घरी जातात, आणि सही झाल्यावर त्यांना परत घ्यायचं म्हटलं तर त्यांनी घेतलेली ग्रॅच्युइटी आणि काढलेला पीएफ आड येतो. मागणीपत्रासोबतच वेगळं पत्र द्या: मागणी निकालात निघेपर्यंत ५८ पूर्ण होणाऱ्यांना आहे त्याच अटींवर कामावर ठेवावं. हे पत्र शेवटच्या बैठकीत आठवून उपयोग नाही.

तिसरं, करार कुठे करता. दोघांनी आपसात केलेला करार सही करणाऱ्यांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला, म्हणजे ज्याला आपण जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलमावरून अजून "बारा-तीनचा" म्हणतो तो, संघटनेबाहेरच्या कामगारांनाही आणि पुढे लागणाऱ्यांनाही बांधतो. नव्या औद्योगिक संबंध संहितेत कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच आहे. वयासारखी गोष्ट श्रमशक्ती भवनातच, म्हणजे कामगार आयुक्तालयातच नोंदवा. शिवाय स्थायी आदेशांची (कारखान्याच्या नोंदलेल्या सेवानियमांची) सक्ती नव्या संहितेत ३०० कामगारांपासून आहे. तुम्ही दोनशेच, म्हणजे तुमच्यासाठी करार आणि नेमणूकपत्र हेच सगळं.

सुरंगी
पीएफ आणि पेन्शनचं लिहिते. गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो आणि चूक कळते ती दोन वर्षांनी.

कंपनीचं निवृत्तीचं वय ६० झालं म्हणून पेन्शन योजनेतलं वय बदलत नाही. इपीएस ९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, सदस्यत्व ५८ लाच संपतं. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, पंधरा हजारांच्या मर्यादेवर महिना १,२५० रुपये, तोपर्यंत पेन्शन खात्यात जातात. ५८ पूर्ण झाल्यावर ते पूर्ण १२ टक्के कामगाराच्या पीएफमध्येच यायला हवेत. चोवीस महिन्यांचे हे ३०,००० आणि वर व्याज. रक्कम डोळ्यांत भरणारी नाही, पण कामगाराची आहे.

बिघडतं कुठे? पगारपत्रक करणारा चलनात त्या माणसाच्या इपीएस वेतनाच्या रकान्यात शून्य टाकायला विसरतो. पैसे खाते क्रमांक १ (पीएफ) ऐवजी १० (पेन्शन) मध्ये जात राहतात. साठीला माणूस १०-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरतो, तेव्हा पीएफ कार्यालय म्हणतं, ५८ नंतरची वर्गणी आधी दुरुस्त करा. मग कंपनीचं पत्र, दुरुस्त तपशील, पणजीत पाटोच्या पीएफ कार्यालयाच्या फेऱ्या आणि तेवढे महिने पेन्शन अडकलेली. म्हणून ज्याची ५८ भरतात त्याने पुढच्या महिन्याचं पासबुक उघडून पेन्शनच्या रकान्यात शून्य आहे का ते बघावं. दोन मिनिटांचं काम.

याच्याही आधी जन्मतारीख. यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) एक, आधारवर दुसरी, शाळेच्या दाखल्यावर तिसरी, आणि नोंदणी कार्यालयातल्या जन्मदाखल्यात आडनावाचं स्पेलिंग चौथंच. आपल्याकडे नावांच्या पोर्तुगीज धाटणीमुळे हे जरा जास्तच होतं. वय ६० करायचा करार करताना कंपनीच्या नोंदीतली तारीख आणि यूएएनची तारीख सगळ्यांची एकदा जुळवून घ्या. जॉइंट डिक्लरेशन (कामगार आणि मालकाने मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज) पन्नाशीत भरलेलं बरं. निवृत्तीच्या तोंडावर जन्मतारीख बदलायला गेलं की समोरचा संशयानेच बघतो, आणि कोर्टंही अशा उशिराच्या अर्जांना सहसा दारात उभं करत नाहीत.

खाजनकाठ
सुरंगीताई, मग ५८ ला पेन्शन सुरू करून काम चालू ठेवता येतं का? की साठीपर्यंत थांबायचं? कोणी सांगतं थांबलं तर वर्षाला चार टक्के वाढते.

सुरंगी
दोन्ही चालतं. दहा वर्षांची पात्र सेवा असेल तर ५८ ला, नोकरी चालू असतानाच, १०-डी भरून पेन्शन घेता येते. किंवा ६० पर्यंत पुढे ढकलता येते, प्रत्येक पूर्ण वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. चार टक्के ऐकायला गोड लागतात, पण हिशेब मांडा.

समजा ५८ ला पेन्शन ४,००० बसते. दोन वर्षं थांबलात की साधारण ४,३२०. महिन्याला ३२० जास्त. पण थांबलेल्या २४ महिन्यांचे ९६,००० सोडले. ९६,००० भागिले ३२० म्हणजे ३०० महिने. ६० नंतर पंचवीस वर्षं, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी बरोबरी! मधल्या व्याजाचा तर विचारच केला नाही. पगार चालू असताना पेन्शनही आली तर ती रिकरिंगला टाका, थांबू नका.

वर्गणी भरत राहून पुढे ढकलायचा पर्याय वेगळा. त्यात वाढलेली सेवाही धरली जाते, म्हणजे (पेन्शनचं सूत्र वेतन गुणिले सेवा भागिले ७०) पंधरा हजारांच्या मर्यादेवर असलेल्या माणसाला १५,००० गुणिले २ भागिले ७०, महिन्याला सुमारे ४२८ जास्त. पण मग ते १,२५० पीएफमध्ये येत नाहीत. हा पर्याय आपोआप लागत नाही, तो मागावा लागतो. मी आधी लिहिलेली चुकून गेलेली वर्गणी म्हणजे हा पर्याय नव्हे, हे ध्यानात ठेवा. दहा वर्षांना थोडी सेवा कमी पडणाऱ्यांनी मात्र यात नीट लक्ष घालावं.

खाणवाल्यांसाठी एक टीप. २०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीत ज्यांचे पगार थांबले, त्यांच्या पासबुकात बिनवर्गणीचे दिवस दिसतात. पेन्शनची सेवा मोजताना ते वजा होतात. त्यामुळे "नोकरी पंचवीस वर्षं" आणि "पेन्शनची सेवा पंचवीस वर्षं" हे एकच नाही.

रुमड
ग्रॅच्युइटीचा आकडा मी मांडतो. सूत्र शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. ५८ ला २६,००० आणि सेवा ३० वर्षं: वर्षाला १५,०००, एकूण ४,५०,०००. दोन वर्षांत वेतन २८,६०० झालं: वर्षाला १६,५००, ३२ वर्षांचे ५,२८,०००. फरक ७८,०००. गंमत अशी की वाढीव दोन वर्षांपेक्षा वाढलेल्या वेतनाने मागची तीसही वर्षं वर उचलली. पण साडेचार लाख दोन वर्षं उशिरा मिळाले, ७ टक्क्यांच्या ठेवीत त्याचे ६३,००० झाले असते. म्हणजे एकट्या ग्रॅच्युइटीसाठी कोणी थांबत नाही. खरी कमाई दोन वर्षांचा पगार, हीच.

कंपनीचा एलआयसीकडे ग्रुप ग्रॅच्युइटी ट्रस्ट असेल तर त्याच्या नियमांतही निवृत्तीचं वय ५८ लिहिलेलं असतं. करार झाला आणि ट्रस्टचे नियम तसेच राहिले, की ५८ नंतरच्या मृत्यूला विम्याचा दावा अडतो. ग्रुप मेडिक्लेमच्या वयाच्या अटीही तशाच. करारात एक ओळ घाला: संबंधित सर्व ट्रस्ट आणि पॉलिसी ९० दिवसांत सुधारून घेण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची.

वैजी
कामगार आरोग्याच्या बाजूने. "झेपतं का" हा प्रश्न वयाचा कमी आणि कामाच्या जागेचा जास्त.

दम आणि ताकद दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते, पण एकदम नव्हे आणि सगळ्यांची सारखी नव्हे. ज्याला तिशीत काम ताकदीच्या निम्म्यावर झेपत होतं, तेच काम साठीला सत्तर-ऐंशी टक्क्यांवर जातं आणि संध्याकाळी तो उठत नाही. जगभरच्या नोंदी सांगतात की वयस्क कामगारांचे अपघात तरुणांपेक्षा कमी होतात, पण झालेला अपघात जड जातो आणि भरून यायला वेळ लागतो. घसरून पडणं हा त्यातला मोठा वाटा.

औषध कारखान्यात बघायच्या जागा सांगतो.

व्हायल (इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या) तपासणीची ओळ: साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने तिसरा हिस्सा उजेड पोचतो. प्रकाश वाढवला आणि चकाकी कमी केली तर पुष्कळ सुटतं. चष्मा मात्र साधा बायफोकल नको. त्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, व्हायल हाताच्या अंतरावर असते. माणूस मान मागे टाकून बघतो आणि दोन महिन्यांनी मानदुखीची रजा. कामाचं अंतर टेपने मोजून चष्मेवाल्याला सांगायचं, "माझं काम साठ सेंटिमीटरवर." कंपनीने त्याचा खर्च द्यावा, ही मागणी स्वस्तातली आहे.

पॅकिंग: उभं राहायचं काम असेल तर पायाखाली मॅट, टेकायला उंच स्टूल, दर तासाला जागा बदल. २५ किलोचं पोतं जमिनीवरून उचलणं आणि कमरेच्या उंचीवरच्या पॅलेटवरून सरकवणं यात कंबरेसाठी जमीनअस्मानाचा फरक आहे. कात्री-लिफ्ट टेबल घ्या म्हणावं.

रात्रपाळी: वयाबरोबर झोप लवकर येते आणि लवकर उघडते, म्हणून ११ ते ७ ची पाळी पन्नाशीनंतर सगळ्यात जड. पाळी फिरवायची तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे फिरवा, उलटी नको. सलग दोन-तीनपेक्षा जास्त रात्री नकोत. आणि येण्याजाण्याचं विसरू नका. सत्तरीहून, डिचोलीहून पावसाळ्यात रात्री दहाला दुचाकीवर निघणारा माणूस, मोतीबिंदूची सुरुवात, समोरून ट्रकचे दिवे. कारखान्यातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा तो रस्ता धोक्याचा. ५५ वरच्यांना रात्रपाळीला कंपनीची बस, हे कलम वयवाढीच्या कलमाला चिकटवूनच मागा.

बॉयलर आणि भट्टी: उष्णतेत हृदयावर ताण जास्त, त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी कमी होतं. तपासणी वर्षातून एकदा पुरत नाही. तपासणी कोणत्या डॉक्टरची, अपात्र ठरवलं तर दुसरं मत कुठे आणि पर्यायी काम कोणतं, हे तिन्ही लिहून घ्या. पर्यायी कामावर वेतन कमी होणार नाही हे वाक्य नसेल, तर कामगार दुखणं लपवतात. इएसआयच्या डॉक्टरला सांगतात, कंपनीच्या डॉक्टरला सांगत नाहीत.

रुमड
वैजीबाब, तपासणीचं कलम दुधारी आहे. "अपात्र ठरल्यास ५८ ला निवृत्त" एवढं घुसलं की सगळं मुसळ केरात. तपासणी कामाची जागा ठरवण्यासाठी, निवृत्ती ठरवण्यासाठी नव्हे, हे शब्द हवेत.

आणि ज्यांना जायचंय त्यांची वाट मोकळी ठेवा. वय ६०, पण ५८ पूर्ण झाल्यावर कामगाराला स्वतःच्या इच्छेने, निवृत्तीचे सगळे लाभ घेऊन जाता येईल. एवढ्या एका वाक्याने तुमच्या संघटनेतले दोन तट जुळतात. फक्त त्याला "राजीनामा" म्हणू नका, "निवृत्ती" म्हणा. इएसआय असलेल्यांना निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला औषधोपचार मिळतो, पाच वर्षांची विमापात्र नोकरी लागते. कागदावर राजीनामा दिसला की मडगावच्या इस्पितळाच्या खिडकीवर वाद घालत बसावं लागतं.

पाटोपूल
सगळं ठीक, पण वयस्कांनी दोन वर्षं खुर्ची धरली की आयटीआय करून बसलेल्या पोरांनी काय करायचं? गोव्यात आधीच सरकारी नोकरीच्या रांगेत अर्धा गाव.

सुरंगी
प्रश्न रास्त आहे. सरकारात जिथे मंजूर पदं ठरलेली असतात तिथे तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं, बढत्याही दोन वर्षं अडतात. खासगी वसाहतीत मात्र कायम माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी कायम माणूस येतो का? ठेकेदाराकडचा येतो. म्हणून संघटनेने वयवाढीबरोबर "निवृत्तीने रिकामी होणारी जागा कायम पद्धतीने भरावी" हे मागावं. पोरांचा फायदा त्यात जास्त.

कंपनीची बाजूही बघा. वय वाढलं की स्वेच्छानिवृत्तीचा देकार महागतो. त्याची करसवलतीची मर्यादा दर वर्षाच्या सेवेला तीन महिन्यांचं वेतन किंवा उरलेल्या महिन्यांचं वेतन, याला बांधलेली असते. उरलेले महिने २४ ने वाढले. त्यामुळे करार झाल्यावर ५५ च्या पुढच्यांवर "जा आता" असा दबाव येऊ शकतो. करमुक्त मर्यादा ५ लाख, तीही आयुष्यात एकदाच.

तिसवाडीकार
सरकारी खात्यांचं थोडक्यात, धागा खासगीचा आहे म्हणून. गोवा सरकारात ६० आहे. महाराष्ट्रात चतुर्थ श्रेणी सोडून ५८, तिथे ६० ची मागणी जुनी. आंध्राने २०२२ मध्ये ६२ केलं, मध्य प्रदेशाने २०१८ मध्येच. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, हे अजून लोकांना नवल वाटतं.

आपल्याकडे ६२ झालंच, तर जुन्या पेन्शनवाल्याला टक्क्यांत काही मिळत नाही. शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के ही कमाल, ती आधीच गाठलेली असते. फायदा दोन वेतनवाढींचा. अंशराशीकरणाचा (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याचा) गुणक उलट घटतो: ६० ला निवृत्त होणाऱ्याला ८.१९४, ६२ ला ७.९८२. ५ ऑगस्ट २००५ नंतर लागलेल्या एनपीएसवाल्यांना (वर्गणीवरच्या नव्या पेन्शन योजनेतल्यांना) मात्र दोन वर्षं खरीच कामाची, कारण त्यांचा निधी शेवटच्या वर्षांतच वेगाने फुगतो. एकाच कार्यालयात शेजारी बसलेल्या दोघांची मागणी वेगळी का, ते यावरून कळतं.

सुकूरचो_पाव
गोंयकारांची तिसरी जातही आहे, पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात गेलेली. तिथे सरकारी पेन्शनचं वय ६६ चं ६७ होतंय, २०२६ ते २०२८ च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने. ६ एप्रिल १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनी आपली तारीख ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर बघावी. गोदामात किंवा इस्पितळाच्या साफसफाईत असलेल्याला हे एक वर्ष भारी जातं. किमान दहा वर्षांचा विमा हप्ता लागतो, पूर्ण पेन्शनला ३५. आणि परत येऊन गोव्यात राहिलात तर पेन्शन मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. ज्या आकड्यावर आलात त्यावरच गोठते. परतायचं वर्ष ठरवताना हे धरा.

खाजनकाठ
देव बरें करूं सगळ्यांना. मसुद्यात "५८ नंतर इच्छेने निवृत्ती" घातलं. एक उरलं: व्यवस्थापन म्हणतंय, ५८ ला सगळा हिशेब चुकता करतो आणि पुढे दोन वर्षं "सल्लागार" म्हणून त्याच पगारावर ठेवतो. काही जण तयार आहेत, हातात पैसा येतो म्हणून.

सुरंगी
त्यांना हे दाखवा. सल्लागार म्हणजे पगार नव्हे, फी. त्यावर १० टक्के करकपात, पीएफ नाही, इएसआय नाही, बोनस नाही, भरपगारी रजा नाही. २८,००० फीतून मालकाचा पीएफच महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास गेला, म्हणजे "तोच पगार" नव्हेच.

दुसरा फास याहून बारीक. ५५ नंतर निवृत्तीच्या कारणाने पीएफ पूर्ण काढलेला माणूस पुन्हा नोकरीला लागला, तर तो वगळलेला कर्मचारी ठरतो. म्हणजे पुढे पगारावर घेतलं तरी पीएफ लावायची सक्ती मालकावर राहत नाही. काम चालू ठेवायचं असेल तर पीएफ पूर्ण उपसू नका.

रुमड
आणि अपघात झाला तर? इएसआयच्या मर्यादेवरच्या, म्हणजे २१,००० च्या वरच्या कामगाराला भरपाई वयाच्या गुणकाने मिळते. मृत्यूला वेतनाच्या निम्मे, वेतन १५,००० पर्यंतच धरायचं, गुणिले गुणक. ५८ ला गुणक १२४.७०, म्हणजे ९,३५,२५०. ६० ला ११७.४१, म्हणजे ८,८०,५७५. वय वाढतं तशी रक्कम उतरते, पण निदान कामगार म्हणून ती मिळते. "सल्लागार" लिहिलेल्या कागदावर मालकाचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणेल की हा कामगारच नव्हता.

हातात पैसा हवा असेल तर ५८ ला पेन्शन सुरू करा, वर सुरंगीताईंनी लिहिलंय तसं. सल्लागाराचं पत्र घेऊन येणाऱ्याला सही करण्यापूर्वी एकच विचारा: या पत्रात हजेरी आणि पाळीचं वेळापत्रक आहे का? असेल तर त्याची प्रत ठेवा, आणि संघटनेच्या फाइलला लावा.

खाजनकाठ
आहे. ७ ते ३, बायोमेट्रिकसह. प्रत काढून ठेवतो. सोमवारी श्रमशक्ती भवनात मागणीपत्र दाखल करताना अंतरिम पत्रही सोबतच देतोय, पुढच्याच महिन्यात तिघांची ५८ भरतात.